दगडफुलाचा धोंडा

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी गावी, डिंगोऱ्याला आलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला बरंच काही कळतं असा सगळ्यांचा समज होता. माझा नव्हता.

जुन्नरचे एक मारवाडी शेटजी त्यांच्या जैन देवळामागे फुलबाग करत होते. बागेत लहानसं तळंही व्हायचं होतं. पुण्यात एका बंगल्यातलं तळं मी कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. त्याच्या काठचे धोंडे आणून ठेवल्यासारखे वाटत नव्हते, तिथलेच वाटत होते. हे मी शेटजींना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं. त्यांनी माझ्या वडिलांना, आबांना, तसे धोंडे आणायला सांगितलं आणि दोन अटी घातल्या. दगडाखालचा जीव मारायचा नाही, आणि दगडावर वाढलेल्या दगडफुलाच्या थरावर पहारीचा ओरखडा उठू द्यायचा नाही.

"शेटजी, धोंडा काय नवरदेव हाय व्हय, हळद न पुसता आणायला?" आबा हसले.

"तसंच समजा, भाऊ."

नदीतले गुळगुळीत गोटे पाण्यात बसवायला ठीक, पण काठाला डोंगरउतारावरचेच हवेत, असं आबांचं म्हणणं. बूड रुंद पाहिजे आणि माथ्यावर दगडफूल दाट पाहिजे. निवडलेल्या धोंड्याजवळची जमीन ते आधी पहारीने ठोकत आणि थांबत. मग पलीकडची कड उचलली जाईल असा धोंडा स्वतःकडे कलवत. खालचं जे असेल त्याला पलीकडे पळायला वाट राहायची.

त्या सकाळी बैलगाडी जवळजवळ भरली होती. शेवटचा धोंडा मीच दाखवला. राखाडी दगडफूल अगदी मातीपर्यंत उतरलेलं, मधे नारिंगी ठिपके. पहार लावायला कुठे जागाच नव्हती. आबांनी पहार बाजूला ठेवली आणि दोन्ही हात खाली घातले.

कढईत वाळू ढवळावी तशी खरखर ऐकू आली. आबांनी हात झटकन मागे घेतला.

"फुरसं," ते म्हणाले.

ते धोंड्याच्या कडेला वेटोळं करून अंग अंगावर घासत होतं. केवढंसं! आबांच्या बोटावर रक्ताचा एकच ठिपका होता. मी पहार उचलली.

"न्हाई. शेटजीला शब्द दिलाय."

"आबा, ते चावलं तुम्हाला!"

"चावलं ते चावलं. त्याला मारून माजं इख उतरणार हाय का?"

फुरसं शेजारच्या कपारीत गेलं. मी आबांच्या मुंडाशाची पट्टी फाडून मनगटावर बांधली. गाठ दोनदा सुटली. फुरशाचं विष सावकाश चढतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माणूस बोलत असतो, चालत असतो, आणि मग हिरड्यांतून रक्त येऊ लागतं. आमच्या आळीतला एकजण असाच गेला. त्याच्या थुंकीचे लाल डाग मी ओट्यावर पाहिले होते.

जुन्नरच्या दवाखान्याची वाट लांब, आणि गाडी जड. मी धोंडे खाली लोटू लागलो.

"अरं लेका, त्यो नको टाकू! लई चांगलं बूड हाय त्याचं."

मी तोही टाकला. ते माझ्याकडे असे पाहत होते की जणू साप मलाच चावला होता.

बैल हाकता हाकता मी सारखा म्हणत होतो, "आबा, थुका." ते थुंकत आणि मी मागे वळून धुळीत बघे. पांढरी थुंकी दिसली की पुढच्या वळणापर्यंत मला श्वास घेता येई. मग बराच वेळ मला विचारायचाच धीर झाला नाही. शेवटी विचारलं. ते थुंकले आणि धूळ लाल झाली.

माझ्या हातातून कासरा सुटला.

"असा काय बघतोस? पान हाय, पान!" आबांनी मांडीवरची चंची दाखवली. "जीव घाबरा झाला म्हून खाल्लं. तुज्यामुळंच झाला."

मला हसू आलं नाही. आता खरं रक्त आलं तरी ओळखायचं कसं? नदीच्या उतारावर मी त्यांना चुळा भरायला लावल्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडलं नाही. "बायकोनंबी कदी एवढं छळलं न्हाई," असं म्हणत ते चूळ भरत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट धुतलं, माझी पट्टी सोडवली आणि आबांना बाकावर बसवून ठेवलं. बोट फुगलं, पण थुंकी पांढरीच राहिली. ऊन कलल्यावर डॉक्टर म्हणाले, दात ओझरता लागला असावा, विष फारसं उतरलेलं दिसत नाही. बातमी कळताच शेटजी धावत आले होते. त्यांनी हात जोडले.

"तो जीव?" त्यांनी चाचरत विचारलं.

"गेला आपल्या घरी."

"आणि तुम्ही?"

"मीबी जाईन म्हनतो."

आबांना दवाखान्यातून सोडल्यावर आम्ही त्याच वाटेने परतलो. मी लोटलेले धोंडे कडेला तसेच पडले होते. आबांनी गाडी थांबवायला लावली. त्यांना ते शेटजींसाठी हवेच होते. मी त्यांना खाली उतरू दिलं नाही. पहार घेऊन पहिल्या धोंड्याजवळची जमीन ठोकली आणि थांबलो. पुन्हा ठोकली.

"अरं, तूच टाकलास ना त्यो? त्याच्याखाली एवढ्यात कोण संसार मांडतंय?"

मला ते पटत होतं. तरी मी आणखी थोडा वेळ थांबलो, आणि मग धोंडा हळूच माझ्याकडे कलवला.