गिरजाबाईच्या मोह्याखालचे गोटे

हसायचं असेल तर आताच हसून घ्या. मी सांगताना मध्ये कोणी हसलं की मला पुढचं आठवत नाही. शांत बसण्यापायी गावात भांडण लावणारा माणूस पाहिला आहे का कधी? नाही ना? मग मला पाहा.

नववीतून शाळा सुटली आणि आलापल्लीच्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या फाट्यावर, मी मोटारसायकली दुरुस्त करायला लागलो. हात बरा आहे म्हणतात. डोकं मात्र वाईट! संध्याकाळी घरी आलो की सुरू: मास्तरांच्या गाडीच्या मागच्या चाकाचा नट आवळला का? आवळला. नक्की? जेवताना तेच, अंथरुणावर तेच. एकदा तर सायकल हाणत त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. नट घट्ट. मास्तर म्हणाले, "आलाच आहेस तर चहा पी." चहा पिऊन निघताना नट पुन्हा एकदा पाहिला.

शेवटी माय मला आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरकडे घेऊन गेली.

"रोज संध्याकाळी एका जागी धा मिनिटं शांत बस," सिस्टर म्हणाल्या. "दिवसभराचं एकेक काम आठव अन् तिथंच सोडून घरी जा. मधात कोनासंग बोलू नको."

मी सगळं तंतोतंत केलं. तिथेच फसलो!

गावाबाहेर, जंगलाच्या कडेला एक मोठा मोहा होता. खालचा पाला खराट्याने झाडून जागा लख्ख केली. दिवसभरात जितक्या गाड्या, तितके गोटे घ्यायचे. एकेक गोटा हातात धरून ते काम आठवायचं. खात्री असेल तर गोटा दूर फेकायचा, शंका असेल तर झाडाजवळ मांडायचा. आठ दिवसांत झाडाभोवती गोट्यांचं कडं झालं. आणि खरं सांगतो, मला झोप लागायला लागली!

आता आमच्याकडे कोणालाही विचारा. फागुन महिना, मोहा फुलायच्या बेतात. कोणतं झाड कोणाच्या घराचं, हे आजा-पणज्यापासून ठरलेलं. कागद नसतो. जो खालचा पाला झाडतो, तो फुलं वेचतो. हे मला माहीत नव्हतं का? अहो, लहानपणापासून मायसोबत फुलं वेचली आहेत मी! पण डोक्यात नट भरलेले असले की दुसरं काही शिरत नाही.

नवव्या दिवशी गिरजाबाई समोर उभ्या. त्या मोह्याच्या फुलांवर त्यांच्या घरचं तेलमीठ चालतं.

"काऊन रे पोट्ट्या, माह्या झाडाखाली काय करून राह्यला?"

माझी चारच मिनिटं झाली होती. बोलायचं नाही ना! मी बोट वर केलं. थांबा.

"मले थांब म्हनते? माह्या सासूनं येचलं हे झाड!"

घाबरून मी डोळे मिटले.

"गोटे मांडून हद्द टाकली, अन् वरतून झोपेचं सोंग!"

डोळे उघडले तेव्हा बाई निघून गेल्या होत्या. मागे धावायला पाहिजे होतं. लाज वाटली. उद्या सांगू म्हटलं. उद्यापर्यंत गावभर झालं की पोट्ट्यानं बाईचा मोहा घेतला. परवापर्यंत माझ्या नावावर तीन मोहे आणि एक चारोळीचं झाड! नळावर मायशी कोणी बोलेना. तिसऱ्या दिवशी पाटलांनी सभा बोलावली.

अख्खं गाव समोर.

"गोटे कायचे मांडले रे?" पाटलांनी विचारलं.

"गाड्यांचे."

"कोनाच्या गाड्यांचे?"

"तुमच्या. सगळ्यांच्या." आणि मग एका दमात सगळं बोलून गेलो. सिस्टर, दहा मिनिटं, पाला. "ज्या गाडीचा नट आवळला का नाई ते पक्कं आठवत नाई, तिचा गोटा ठेवतो, पाटील. झाड बाईचंच हाय. मले फुल नाई पायजे. चुकलं माहं."

मला वाटलं, सुटलो.

गिरजाबाईचा मुलगा दिलीप हळूच उठला. "माहा गोटा हाय का त्याच्यात?"

खोटं कसं बोलू? "हाय. समोरच्या चाकाचा."

"अन् माहा?" पाटील.

"तुमचे दोन हायेत."

अहो, सभा उठलीच! जो तो आपल्या गाडीकडे. कोणी चाक हलवतोय, कोणी खाली वाकलाय. "झाड बाईचं, झाला फैसला! आधी पाना आन बे!" पाटील जाताजाता ओरडले.

मी धावत पाना आणला. एकेक नट सगळ्यांसमोर तपासला. सगळे घट्ट! पण विश्वास कोण ठेवतो? गिरजाबाई पोराला म्हणाल्या, "तू गाडी ढकलत आन. मी पायी जातो."

सगळे पांगले. इतका वेळ माय मान खाली घालून बसली होती. ती उठली, पदर सावरला आणि सुस्कारा सोडून म्हणाली,

"बरं हाय बापा, आपल्याजवळ गाडी नाई."