इनासमामांच्या गाडीचं पासिंग

गॅरेजमध्ये ग्रीसपेक्षा किस्से जास्त साचतात. ग्रीस निदान रॉकेलनं निघतं, किस्से निघत नाहीत! वसईला पास्कू मिस्त्रीच्या गॅरेजवर आम्ही चार टाळकी रोज संध्याकाळी जमायचो. मी शाळामास्तर. माझी स्कूटर वर्षातले निम्मे दिवस तिथंच मुक्कामाला, त्यामुळे माझी हजेरी पक्की. आज फक्त इनासमामांच्या गाडीचे किस्से सांगतो. सगळेच सांगत बसलो तर चहाचं आधण उतरायचं नाही.

इनासमामा म्हणजे आमच्या गल्लीतले कॅथलिक गृहस्थ. उभा जन्म मुंबईला एका पारशी शेटकडे ड्रायव्हर. शेटची एक विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल, बुटकी, दोनच सीटांची, वर कापडी टप. शेटचे गुडघे गेले तेव्हापासून ते शेजारी बसत आणि मामा चालवत. शेट वारल्यावर बाईंनी गाडी मामांच्या नावावर करून दिली.

मामांनी ती वसईला आणली, नारळाच्या झापांची शेड बांधली, रोज पुसली. आणि चालवली कधी? फक्त रविवारी, वाडीतल्या वाडीत, इंजिन गरम ठेवायला! रोजमावशी, म्हणजे मामांची बायको, त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. "शेटची गाडी आहे," मामा म्हणायचे. विषय संपला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जुन्या खाजगी गाड्यांनाही पासिंग लागणार असं ठरलं आणि मामांच्या घरात पहिल्यांदाच भांडण झालं. मावशी म्हणाली, "लग्नाच्या वाढदिवसाला मला या गाडीतून चर्चमध्ये मिस्साला जायचंय. पास झाली तर न्या. नाही झाली तर विकून टाका, शेडमध्ये मी कोंबड्या ठेवते."

मामा घाबरून पास्कूकडे आले.

* * *

पास्कूनं इंजिन असं लावलं की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी हलू नये. ठाण्याला पासिंगला मी, पास्कू आणि मामा गेलो. मी मागे स्कूटरवर, कारण सीटा दोन!

आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या. टप फाटलाय. हॉर्न घोगरा आहे. हँडब्रेक ढिला. मागच्या दिव्याची काच फुटकी. दुरुस्त करून परत आणा.

परतीच्या वाटेवर घोडबंदरला चहा प्यायला थांबलो तेव्हा पास्कू फुटला. "इंजिनाबद्दल एक शब्द बोलला नाही हो, मास्तर! नवरी पसंत, आणि म्हणे चप्पल नापसंत!"

* * *

टपाचं कापड मुंबईत मिळेना. दुकानदार म्हणाला, विलायतेहून मागवा. पास्कू तिथून उठला तो थेट पाचूबंदरला, होड्यांची शिडं शिवणाऱ्या हिराजीकडे.

हिराजी आला. गाडीकडे बघितलंच नाही, आधी आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "वारा कुठून लागनार?"

"समोरून," पास्कू म्हणाला. "गाडी पुढे जाते ना!"

"मंग काल्जी नको. पान्याचा एक थेंब आत आला तं माजं नाव बदल."

दुहेरी टाका, मेणाचा दोरा. काय ते काम! आम्ही वरून बादल्या ओतल्या, आत मामा कोरडेच्या कोरडे बसलेले. इतकं देखणं शिवणकाम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. पास्कूनं खूश होऊन टप मागे दुमडायला घेतला. टप ढिम्म हलेना. हिराजीनं तो चारी बाजूंनी सांगाड्याला शिवून टाकला होता!

"अरे बाबा, हा उघडायला पण लागतो!"

हिराजी भडकला. "शीड उतरवनार हाय ते कोन बोलला? मी वादलाच्या हिशोबानं शिवलाय!"

दुसऱ्या दिवशी त्यानंच सगळं उसवलं आणि दोऱ्या-कड्या लावून पुन्हा बसवलं. रागात शिवलं, पण पहिल्यापेक्षाही सुंदर शिवलं.

* * *

पास्कू आमच्याकडच्या लग्नांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. त्यामुळे हॉर्न त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं नाही, कानानं दुरुस्त केला. एक आटा इकडे, एक आटा तिकडे, मध्येच कॉर्नेट फुंकून सूर बघायचा. दुपारभर गल्लीत कोणाला झोप नाही.

सूर अगदी नेमका लागला, लग्नाच्या बँडचाच. इतका नेमका की आम्ही गाडी घेऊन निघालो आणि पास्कूनं शेजारून हात घालून दोनदा हॉर्न दिला तर घराघरांतून बायका हात पुसत बाहेर! एकीनं विचारलंसुद्धा, "नवरी कुठाय?"

मामा मात्र हॉर्न इतका हळू वाजवायचे की पुढची म्हैस कान हलवायची नाही. "मामा," पास्कू ओरडला, "हॉर्न देतोस का फादरच्या कानात पाप सांगतोस?"

"शेटला आवाज आवडायचा नाही," मामा म्हणाले.

* * *

मागच्या दिव्याची लाल काच कुठेच मिळेना. पास्कूच्या डोक्यात एकदम चर्च आलं. वेदीजवळ कायम जळणारा लाल दिवा असतो, त्याची जुनी तडकलेली काच अडगळीत पडली होती. पण मागायची कशी? आम्ही तिघंही फादरसमोर मान खाली घालून उभे.

फादरनी सगळं ऐकून घेतलं. काच आणली, स्वतः पुसली आणि पास्कूच्या हातात दिली. म्हणाले, "न्या. इथं लाल दिवा बघूनही लोक प्रवचनाआधी पळतात. तुमच्या मागे तरी थांबतील!"

असे फादर मिळायला नशीब लागतं.

* * *

हँडब्रेक तपासायला उतार हवा, आणि आमची वसई म्हणजे ताटासारखी सपाट. पास्कू म्हणाला, "मास्तर, तुमचं बावखल!"

आमच्या केळीच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे उतरत्या काठाचं तळं. बैल धुवायला बरं पडतं. तिथं गाडी नाक पाण्याकडे करून उभी केली. ब्रेक धरला तर पास, सुटला तर गाडी बेडकांची!

मी म्हटलं, "मामा, खाली उतरा. आत कशाला बसता?"

मामांनी टोपी सारखी केली. "गाडी पाण्यात आणि ड्रायव्हर काठावर? शेटला काय तोंड दाखवू?"

मला हसू आलं नाही. एवढं इमान मी तरी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही.

पास्कू गाडीपुढे पाठमोऱ्या पावलांनी चालत ओरडत होता, "सोड पाय! सोड! आणखी सोड!" मामांनी फूटब्रेकवरून पाय काढला. गाडी जागची हलली नाही. पास्कूनं आनंदानं दोन्ही हात वर केले, एक पाऊल आणखी मागे टाकलं, आणि गेला की पाण्यात!

वर आला तो ओरडतच, "धरला! ब्रेक धरला!"

* * *

पुन्हा ठाणं. तेच साहेब. टप बघितला, हॉर्न ऐकला, दिवा बघितला, ब्रेक ओढला. सगळं ठीक. सही करायला पेन काढलं आणि सहज विचारलं, "मालक कोण?"

मामा ताठ उभे राहिले. "मालक वारले, साहेब."

पास्कूनं कपाळावर हात मारला. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "मालक नाही तर पासिंग कसलं?"

मी घाईघाईनं कागद पुढे केले. साहेबांनी नाव वाचलं. "हे इनास कोण?"

"मी, साहेब."

"मग मालक तुम्हीच की!"

"नाही साहेब. मी ड्रायव्हर."

साहेबांनी गाडीचं दार उघडलं. मग शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चला, एक चक्कर मारू." परत आल्यावर सही केली. आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी पास आहे. पण ती त्यांची आहे, हे त्यांना कोणीतरी सांगा."

आता सांगणार कोण? घोडबंदरला पास्कू मामांना हे सांगायला गेला आणि चहा सांगून परत आला. माझं तर तेवढंही धाडस झालं नाही.

* * *

लग्नाच्या वाढदिवसाची सकाळ. मिस्साला अजून वेळ होता. मावशीनं मामांसाठी सूट शिवून घेतला होता, स्वतः ठेवणीतलं लाल लुगडं नेसून दारात उभी होती. आम्ही सगळे गल्लीत जमलो.

मामा आतून बाहेर आले. अंगात ड्रायव्हरचा पांढरा युनिफॉर्म, कडक इस्त्रीचा, डोक्यावर टोपी. सूट खुंटीलाच! पास्कू काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात दाबला.

मामांनी डावीकडचं दार उघडलं. मावशी बसली. दार अलगद लावलं, पलीकडून येऊन स्टिअरिंगवर बसले, नजर समोर ठेवली आणि जन्मभराच्या सवयीनं विचारलं, "कुठं घेऊ?"

मावशीनं हात पुढे केला, मामांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

"आज तुम्ही सांगायचं, शेट."

मामांनी गाडी सुरू केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चर्च डावीकडे आहे. गाडी उजवीकडे वळली, समुद्राच्या रस्त्याला.