सेव्हिलच्या वेढ्यातले घोडेस्वार

बहरीनमधल्या अमवाज बेटांवरच्या एका व्हिलात मी आणि माझा संगमेश्वरचा जोडीदार जिप्समची नक्षी बसवत होतो. घरमालकीण मॅडम निवृत्त शिक्षिका, बहरिनी. हिंदी बरं बोलायच्या. भिंतीवर त्यांना ग्रानाडाच्या राजवाड्यातली ओळ हवी होती: 'अल्लाशिवाय कोणी विजेता नाही.'

ती ओळ मला लहानपणापासून पाठ. अब्बा आमच्या गावच्या उर्दू शाळेत मास्तर होते. स्पेनमधलं शेवटचं मुसलमान घराणं, ग्रानाडाचं नसरी, अडीचशे वर्षं एकटं कसं टिकलं, हे ते जेवताना रंगवून सांगायचे. दुपारच्या चहाला मी ते मॅडमना अभिमानाने ऐकवलं.

"ही ओळ कुठून आली, ते सांगितलं का अब्बांनी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पहिला नसरी सुलतान सेव्हिलहून परतला, तेव्हा लोकांनी त्याला विजेता म्हटलं. त्यावर तो हे बोलला, अशी आख्यायिका आहे."

"सेव्हिल त्याने जिंकलं?"

"ख्रिस्ती राजाने जिंकलं. शहर मुसलमानांचं होतं. हा त्या राजाचा मांडलिक. वेढ्यात त्याचे घोडेस्वार राजाच्या बाजूने होते."

मी म्हणालो, असं नसेल. त्यांनी आतून एक जाड अरबी पुस्तक आणून पान उघडलं. मला अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही; पण सुलतानाचं आणि त्या शहराचं नाव एकाच ओळीत दिसलं. तटाच्या आत उपाशी माणसं, आणि बाहेर आपलेच स्वार.

"चाय निवली तुझी," जोडीदार म्हणाला. मी उठून जिन्यात गेलो आणि घरी फोन लावला.

"अब्बा, सेव्हिलचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," ते म्हणाले.

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता. मी पायरीवरच बसलो.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही पोरं जेवायला बसलेली असायचात. मलाच ते सांगवत नव्हतं."

फोन दोघांनीही ठेवला नाही.

पुढच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं. त्या घराण्यात भावाने भावाला मारलेलं, मुलगा बापावर उठलेला, काही गाळलं नाही. आवाज मात्र पूर्वीसारखा चढत नव्हता, आणि मध्येच पाणी मागून ते जरा थांबायचे.