विकलेली निळी पिसं

मुलगी शेतकी शिकायला अकोल्याला गेली तेव्हा तिने आपला हातात मावणारा व्हिडिओ गेम माझ्याकडे दिला. "बाबा, हा तिथं नेला तर मी नापासच होईन. सांभाळा, पण हात नका लावू," म्हणाली. मी सांभाळला. हात मात्र त्याच आठवड्यात लावला.

खेळ जपानी. एक धनुष्यवाली मुलगी, एक म्हातारा वैद्य आणि एक बोलणारं कोल्ह्याचं पिल्लू, असे तिघं आग ओकणाऱ्या राक्षसाला शोधायला निघालेले. सगळं हाताने काढलेलं. झाडांवर ब्रशचे फटकारे दिसतात, कुठे रंग रेघेबाहेर गेलेला दिसतो. मुलीला नुसतं उभं ठेवलं तर ती जांभई देते, केस मागे सारते. भाताच्या वाडग्यातून वाफ निघते, तीही कुणीतरी चित्रामागून चित्र काढून हलवलेली. पन्नाशीला आलेला मी त्या वाफेकडे बघून एकटाच हसलो. लढाईसुद्धा माझ्या वयाला झेपणारी. आधी आपला वार, मग शत्रूचा; आपण चष्मा पुसेपर्यंत तो बिचारा थांबून राहतो.

आमचं घर भाजीपाला पिकवणारं आणि विकणारं. अमरावतीच्या भाजीबाजारात माझं दुकान आहे. माल पडून राहिलेला मला बघवत नाही. कोथिंबीर दुपारच्या आत गेली नाही तर मला जेवण जात नाही. खेळातल्या एका गावात दुकानदार भेटला तेव्हा मी त्या धनुष्यवालीची पिशवी उघडून पाहिली. जुनी मुळं, दगड आणि ढीगभर निळी पिसं. किती दिवसांपासून पडली होती कोण जाणे! दुकानदार भावही बरा देत होता. सगळं विकून टाकलं, पिशवी मोकळी केली आणि खेळ सेव्ह केला, लेकीच्याच जागेवर, तिचा जुना खेळ पुसून. चांगला सौदा झाला म्हणून खुशीत बायकोकडे चहा मागितला.

पुढच्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. "बाबा, परीक्षा झाली की मी त्या निळ्या पिसांचा झगा शिवून घेते. तो घातला की राक्षसाची आग लागतच नाही. सारा उन्हाळा जमवली मी ती. आहेत ना नीट?"

"हो, आहेत ना," मी म्हणालो.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. तिने रागावून फोन ठेवला असता, संध्याकाळी पुन्हा केला असता. पण मी हो म्हणून बसलो, आणि त्या क्षणापासून मला घास गोड लागेना.

मी त्या दुकानदाराकडे धावलो. त्याच्याकडे कुऱ्हाडी होत्या, औषधं होती, कंदील होते. पिसं नव्हती. आता निळे पक्षी पुन्हा शोधायचे आणि बाणाने एकेक पीस पाडायचं, एवढाच मार्ग उरला. पक्षी झुडपात बसतात, पण झुडूप हलवलं की आधी रानडुक्कर निघतं, नाहीतर साप, नाहीतर दगडी बेडूक. त्यांना हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रोज दुपारी बाजारातून आलो की मी पाय धुऊन थेट जंगलात.

"जेवता का पाखरंच धरता?" बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"आलो, आलो! एक दिसून राहिलं!"

"घरात उंदीर निघाला तं पलंगावर चढता, अन् तिथं डुकरं मारून राहिले."

ती बोलायची आणि इकडे निळं काहीतरी फडफडायचं, बाण सुटायचा. पीस गिरक्या घेत खाली यायचं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवायचो. कबूल करतो, चूक निस्तरायला बसलेल्या माणसाला इतका आनंद व्हायला नको होता. पण व्हायचा.

परीक्षा संपली, पण मुलीला लगेच घरी येता येईना. "बाबा, तुमीच या न. गेम घेऊन या," म्हणाली. तोवर मूठभर पिसं जमली होती. झग्याची बाही तरी झाली असती की नाही, देव जाणे. बडनेऱ्याला गाडीत बसलो आणि मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मनात वाक्यं जुळवत राहिलो. एकही कामाचं निघालं नाही. अकोल्याला स्टेशनबाहेरच्या टपरीवर ती चहा सांगत होती तेव्हा मी सरळ म्हणालो, "पिसं मी विकली. फोनवर खोटं बोललो."

तिने कप खाली ठेवला. "विकली? कोणाले?"

"त्या दुकानदाराले. पडून होती म्हणून."

"बाबा, ते पिसं होते, वांगे नाई!" मग आवाज खाली आला. "गेले तं गेले. पण मले हो काहून म्हणाले? मी सगळ्या मैत्रिणींना सांगतलं, पिसं माह्या बाबांजवळ आहे, काही टेन्शन नाई."

मी चहाचे पैसे दिले. तिच्या भाड्याच्या खोलीवर जाईपर्यंत ती एक पाऊल पुढेच चालली.

खोलीत तिने गेम उघडला, पिशवी पाहिली, आणि मग एकदम ताठ बसली. "अरे बाप्पा! बाबा, हे काय केलं तुमी? या तिघांची ताकद पाहा! इतकी कुठून आली?"

या खेळात लढाई जिंकली की अंगात ताकद येते; झुडपाझुडपातली ती सगळी डुकरं आणि बेडूक त्यांच्या अंगी लागले होते. मला याचा पत्ताच नव्हता. तिने खोलीतल्या मैत्रिणीला हाक मारली. "इकडे ये वं! माह्या बापानं पाह्य काय करून ठेवलं!"

"झग्याशिवाय लढायचं?" मी विचारलं.

"मंग काय! वैद्य तुमी सांभाळा. मुलगी अन् कोल्हा माह्या."

राक्षस डोंगराएवढा. त्याची आग केशरी रंगाच्या फराट्यांनी सगळा पडदा भरून टाकत होती, आणि त्या घाईतही मला ब्रशच्या रेघा दिसत होत्या. पहिल्यांदा हरलो. दुसऱ्यांदा कोल्हा पडला आणि पोरी किंचाळल्या. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई काय झालं म्हणून दारात आल्या. तिसऱ्या वेळी राक्षस गुडघ्यावर आला, तेवढ्यात बायकोचा फोन.

"निघाले का? गाडी लेट आहे काय?"

खोटं बोलायला निमित्त तिनेच हातात दिलं होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"गाडी वेळेवर गेली," मी म्हणालो. "मी खोलीवरच आहे. खेळून राहिलो."

तिने विचारलं, "मरून राहिला का तो राक्षस?"

"गुडघ्यावर आला आहे."

"मंग फोन काहून धरून बसले? ठेवा न!"