रोवणीच्या दिवसांतला सोळा तासांचा उपास

आम्हा नर्स मंडळींसाठी भंडाऱ्याला आहारावर एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. विषय, आहारातलं नवं संशोधन. बाहेरून आलेले डॉक्टर बोलायला पटाईत. दिवसाचे सोळा तास पोट रिकामं ठेवायचं, उरलेल्या आठ तासांत दोनदा जेवायचं; वजन उतरतं, साखर आटोक्यात येते. पडद्यावर सडपातळ, हसऱ्या माणसांचे फोटो. चिखलात वाकून काम करणारं त्यात कोणी नव्हतं.

मी हात वर केला. "सर, साखरेची गोळी चालू असलेल्यानं हे करायचं का?"

"छान प्रश्न. शेवटी घेऊ."

शेवटी जेवणाची ताटं आली.

साकोलीच्या बसमध्येच मी टिपणांचे दहा मुद्दे केले आणि गावोगावच्या आशाताईंच्या, म्हणजे आशा सेविकांच्या, ग्रुपवर टाकले. मुद्देसूद, क्रमांक घालून. माझा प्रश्न त्यात नव्हता. ज्याचं उत्तर मिळालं नाही ते मी उतरवत नाही, ही माझी वर्षानुवर्षांची शिस्त. आता त्या शिस्तीचाच संताप येतो.

एकोडीत माझी एक पेशंट आहे. पन्नाशी ओलांडलेली, भाताच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, मजूर बायकांच्या टोळीबरोबर जाणारी. गोळी कधी चुकवणार नाही, तपासणीला सगळ्यांच्या आधी हजर. तिथल्या आशाताईंनी माझा मेसेज तिच्या अंगणात वाचून दाखवला. सिस्टरबाईनं पाठवलंय म्हटल्यावर तिनं विचारलंही नाही. संध्याकाळी सातला जेवली. सकाळी नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली, न्याहारी टाळली आणि रोवणीला गेली.

दहाच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला. हातातले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, गळून पडले आणि ती असंबद्ध बोलत चिखलात बसली. बायकांना वाटलं ऊन लागलं. नशीब, किटलीत गोड चहा होता आणि ती अजून शुद्धीत होती. त्यांनी तो पाजला. फोन आला तशी मी पोचून बोटातलं रक्त तपासलं. चहा पिऊनही मीटरवर साखर फारच खाली होती. तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ती सावरली. तिथल्या डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि जेवणाबरोबरच घ्यायची, असं बजावलं.

प्रशिक्षण देणाऱ्यांना मी फोन लावला.

"मॅडम, मी सर्वसाधारण माहिती दिली होती. पेशंट पाहून ठरवणं तुमचं काम."

यातलं अर्धं खरं होतं, म्हणून मी जास्तच पेटले. मग उरलेल्या अर्ध्याचं काय? गोळीबद्दलचं एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? पण संशोधन सांगून ते गाडीत बसले, आणि ते अंगावर घेतलं रोवणाऱ्या बाईनं. मधे मी होते, मेसेज पुढे ढकलणारी.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आशाताईंना पाठवलं. दोन दिवसांनी एकोडीला गेले, तर तिनं गोळी पूर्ण बंद केलेली.

"गोळीनंच पाडलं मले," ती म्हणाली. "आता नाई खात."

"गोळी आणि उपास एकत्र झाले म्हणून पडलीस. तुझी चूक नाही."

"मले सांगून काय होते? टोळीवाली मले घेऊन नाई राहिली. बाया हासतेत. म्हातारपणी डायटिंग करून राहिली म्हणतेत. तुमी बांधीत येऊन सांगा त्याइले. मंग पाहीन गोळीचं."

मला राग आला, आणि लगेच कळलं की तिच्यावर चिडण्याचा मला हक्कच नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बांधीवर, म्हणजे त्या धानाच्या शेतात गेले. दहा-बारा बाया वाकलेल्या. धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हिनं नखरे केले नाहीत. मी अर्धवट माहिती पाठवली, म्हणून ही पडली. चूक माझी."

मग टोळीवाली, त्यांची मुकादम, कंबर सरळ करत म्हणाली, "काहून पाठवली मंग? उपाशी रोवणा होते का कधी? तुमच्या त्या डॉक्टरले आना इथं. दुपारपर्यंत वाक म्हना उपाशीपोटी."

"दुपारपर्यंत? दोन ओळी त लावू दे आधी!" एकीनं टोला हाणला आणि सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांचं खरं होतं आणि ते ऐकायला डॉक्टर तिथे नव्हते.

"पुन्हा पडली त?" टोळीवालीनं विचारलं.

"गोळी कमी केली आहे. जेवून घेतली तर अशी पडायची भीती कमी. तरी घाम आला, हात कापले, तर लगेच काम थांबवून साखर द्या आणि मला फोन करा."

टोळीवालीनं तिच्याकडे पाहिलं. "चाल वं मंग, उतर खाली."

"जेवतो ना आधी. घाई कायची हाय तुले?"

ती धुऱ्यावर बसली. डबा उघडला, भात कालवला आणि पदराच्या गाठीतून गोळी काढली. तिचा शेवटचा घास होईपर्यंत मी तिथून हलले नाही.