सहाची ओहोटी

आमचं घर भाईंदर पश्चिमेला, खाडीजवळ. मिठागरात वाढलेल्या माणसाला पाण्याची वेळ तिथीवरून कळते. पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सहाला खाडी रिकामी. महायुद्धात, पंचेचाळीसच्या थंडीत, आराकानला हीच हुशारी नडली.

ब्रह्मदेशाचा तो किनारा थेट आमच्यासारखा. तीच तिवरं, तोच चिखल. इंग्रजांच्या फौजेत मी नाईक, आमच्या शेजारच्या उत्तनचा कोळी इनास माझ्या हाताखाली लान्सनाईक. खाडीपलीकडे आमच्याच फौजेतली पश्चिम आफ्रिकेची एक तुकडी अडकली होती. त्यांना दारूगोळा पोहोचवायचं काम आम्हा आठ जणांवर आलं.

आदल्या दुपारी मेजरसाहेबांनी विचारलं, "पाणी कधी उतरेल?"

"सहाला, साहेब. उद्या पौर्णिमा."

बाहेर आल्यावर इनास म्हणाला, "महादू, हा दर्या आपला न्हाय. सांजचं पानी बघ, मग वेळ सांग."

"तू मासे धर. पाणी मला कळतं."

तो हसला. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. त्यानं भांडायला हवं होतं.

सकाळी ६.०० ला उतरलो. पाणी कमरेला होतं. ६.१० ला छातीला लागलं. तिथली ओहोटी चारलाच संपली होती.

वायरलेसवर विचारणा झाली, "पाणी किती? ओव्हर."

"चढतंय. ओव्हर."

इनासनं पोहत जाऊन पलीकडे दोर बांधला. दोनदा माघारी येऊन पोहता न येणाऱ्यांना नेलं. तिसऱ्यांदा तो माझ्यासाठी आला. माझे हात दोरावर ठेवले आणि त्याचेच सुटले. पलीकडून एका आफ्रिकन जवानानं त्याच्यासाठी उडी घेतली. ७.२० ला दोघंही तिवरांत सापडले. आम्ही त्यांना शेजारी शेजारी पुरलं. दारूगोळा पोहोचला होता. अहवालात 'कामगिरी पूर्ण' असं लिहिलं गेलं.

एकोणपन्नासमध्ये पेपरात आलं की स्वतंत्र भारत आपखुशीनं राष्ट्रकुलात राहणार. इंग्रजांच्या जुन्या वसाहतींची ती संघटना. बाजारात लोक म्हणायचे, आता गोऱ्यांशी कशाला संबंध? मी म्हणायचो, गोऱ्यांशी नसेल, पण त्या आफ्रिकन जवानाशी आहे. शिवाय त्या संघटनेतल्या देशांत आपल्या पोरांच्या कबरी राखल्या जातील. हेच सांगायला मी उत्तनला इनासच्या आईकडे गेलो. ती बोंबील वाळत घालत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "माजा पोर निजलाय तो देस हाय का त्यात?"

ब्रह्मदेश त्यात राहिला नव्हता.

"नाही, माय."

"मग तितं मेणबत्ती कोन लावील?"

चार वर्षं गिळलेलं तेव्हा बाहेर पडलं. "माय, वेळ मी सांगितली होती. सहाची."

तिचे हात थांबले. "सहाची तर आपल्या खाडीची. इनासला ठाव असंल."

"होतं. मी ऐकलं नाही."

टोपलीतले उरलेले बोंबील तिनं एकेक करून टांगले. मग पाठमोरीच म्हणाली, "दोन नोव्हेंबरला ये. तू लाव."

तेव्हापासून दरवर्षी, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणाच्या त्या दिवशी, मी चर्चच्या आवारात दोन मेणबत्त्या लावतो. एक लान्सनाईक इनासची. दुसरी त्याच्यासाठी उडी घेणाऱ्याची. त्याला पुरताना मी त्याचं नाव विचारलं नव्हतं.