नस जिवंत हाय का, मॅडम?

कान तपासण्याच्या खोलीत किस्से साठतात ते एका साध्या कारणाने. इथं येणाऱ्याला ऐकू कमी येतं, पण बोलता मात्र भरपूर येतं! मी मूळची सांगलीची, ऑडिओलॉजिस्ट. लग्नानंतर यवतमाळला आले आणि इथल्याच एका क्लिनिकमध्ये लागले. पहिले सहा महिने तर पेशंटपेक्षा मलाच ऐकण्याची प्रॅक्टिस करावी लागली. "काहून आले?" आणि "कायले आले?" यात फरक काय, तेही कळेना.

* * *

नेरचे एक आजोबा. त्यांना बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं.

"आवाज आला की दाबा हं."

मी माझ्या खुर्चीवर येऊन बसेपर्यंत आजोबांचा सपाटा सुरू! टक टक टक. मी काचेतून हात हलवला, आत गेले, जोरात म्हणाले, "आजोबा, मी आवाज अजून सुरूच केला नाही!"

"पण येऊन तर राह्यला! बारीक शिट्टी वाजते."

त्यांच्या कानातच ती वाजत होती. कान बाहेरचं ऐकेनासा झाला की कधी कधी आतूनच आवाज येऊ लागतो, हे मी त्यांना ओरडून ओरडून समजावलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, तुमी नाही केला सुरू. मंग कोनं केला?"



* * *

परी चार वर्षांची, बंजारा तांड्यावरची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नागपूरला ऑपरेशन करून आतल्या कानात तार बसवली होती. बोलायला शिकवणं माझ्याकडे. तीन महिने रोज खेळणी मांडायची, बाहुली दाखवायची आणि म्हणायचं, "आई म्हण, आई."

परी बाहुलीचे केस ओढत बसायची.

एक दिवस दार उघडून तिची आई सुनीता आत आली. परी वळली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "याडी!"

मी फॉर्मवर लिहिलं, 'अर्थ नसलेला आवाज.' मान वर करून बघते तर सुनीता भिंतीला टेकून रडतेय.

"मॅडम, आमच्या बोलीत आईले याडीच म्हन्तात!"

मी लाजून खाडाखोड केली. सुनीताने डोळे पुसले, माझ्यासमोर बसली.

"आता तुमी म्हना. याडी."

मी म्हटलं.

"नाही जमलं. पुन्हा म्हना!"

* * *

वामनकाका राजूरच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. उजवा कान वीस वर्षांपासून बंद, नंतर डावाही गेला. मशीन लावूनही उपयोग होईना. ते तोंडाने विचारायचे, मी पाटीवर लिहायची.

"उजव्या कानात तार टाकून करंट देनार म्हन्ता. पन इतक्या वर्साची बंद लाइन. नस जिवंत हाय का, मॅडम?"

मी लिहिलं, 'काही पेशी जिवंत असतात. किती, ते आधी सांगता येत नाही.'

"अन् करंट देल्यावर बाकीच्या मरत नाहीत का?"

'प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत जास्त टिकल्या. काहींत फरक पडला नाही. माणसांचं नक्की माहीत नाही.'

काकांनी तीनदा वाचलं.

"म्हन्जे तुमालेही माहीत नाही!"

मी लिहिलं, 'नाही.'

"मंग बसवू. फसवनाऱ्यानं इतकं लिहिलं नसतं."

* * *

ऑपरेशननंतर मशीन चालू करायचा दिवस. तारेवरच्या बिंदूंना एकेक करून करंट द्यायचा असतो. पहिला दिला, काही नाही. दुसरा, काही नाही. काकांच्या बायकोने, यमुनाकाकूंनी, तोंड भिंतीकडे फिरवलं. तिसरा थोडा थोडा वाढवत नेला.

काका ताडकन उभे राहिले.

"खानीचा भोंगा!"

तोंडावर हसू नाही, रडू नाही. इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "कोन्ती पाळी सुटली?"

* * *

चार महिन्यांनी दोघं परत आले. काकांना आता समोरच्याचं बोलणं बऱ्यापैकी कळत होतं. काकूंचा आवाज मात्र पूर्ण बसलेला! बोलायला गेल्या की नुसती हवा यायची.

"झालं काय?" मी विचारलं.

"दिवसभर मले मोठ्यानं वाचून दाखवून राह्यली ना," काका म्हणाले. "पेपर, पंचांग, खताच्या पोत्यावरचं. कामावर असलेली नस मरत नसन, असं मले वाटते."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनीच नाही. तुमाले माहीत नाही, तर म्हटलं आपनच करून पाहू!"

आमच्या डॉक्टरांनी काकूंचा घसा तपासला आणि बजावलं, "आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही." काकूंनी मान डोलावली. काकांचा चेहरा पडला.

"आठ दिवस नसेनं काय करावं? नसेले माहाच आवाज चालते का, मॅडम?"

मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरच्या बोर्डासमोर जाऊन उभे राहिले आणि अख्ख्या ओपीडीला ऐकू जाईल असं खणखणीत वाचू लागले,

"कृपया! शांतता! राखा!"